पेरणीचा पंधरवडा

पन्नास टक्के निसवणीची तारीख लिहिणे हे माझ्या नोकरीतले सगळ्यात आवडते काम. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या आवारात, मुख्य संशोधन केंद्राच्या काळ्या रानात, गव्हाच्या चाचण्यांचे ओळीने वाफे असतात. प्रत्येक वाफ्याला एक पाटी, पाटीवर नुसता क्रमांक. डिसेंबर सरत आला की सकाळी दव असतानाच वही घेऊन बांधावरून निघायचे आणि ज्या वाफ्यातल्या निम्म्या ओंब्या पोटरीतून बाहेर आल्या असतील त्याच्यापुढे त्या दिवसाची तारीख टाकायची. पुढे दाणा पिकल्याची तारीख. मळणी झाल्यावर हजार दाण्यांचे वजन. वाणाचे बाकीचे गुणदोष पैदासकार ठरवतात, पण या तीन नोंदी माझ्यासारख्या क्षेत्र-सहायकांच्या हातून होतात, आणि मला त्यांचे कधी ओझे वाटले नाही.

या नोंदींनी मला एक गोष्ट शिकवली. शेतकरी म्हणतो, हा गहू एकशे दहा दिवसांचा आहे. आम्हीही बियाण्याच्या पिशवीवर तसेच छापतो. गव्हाला मात्र दिवस कळत नाहीत. त्याला कळते ती ऊब. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची, तिच्यातून साधारण पाच अंश वजा करायचे, कारण त्याखाली गव्हाची वाढ जवळजवळ थांबते, आणि उरलेला आकडा रोजच्या रोज मिळवत जायचा. उगवणीपासून निसवणीपर्यंत किती बेरीज लागते, निसवल्यापासून दाणा भरेपर्यंत किती, हे वाणागणिक बरेचसे ठरलेले असते. हे उक्त्यावर घेतलेल्या कामासारखे आहे : काम संपले की माणूस निघाला, मग दिवस किती लागले हे कोण विचारतो. समजा दाणा भरायला अशी सातशे अंशांची बेरीज लागते. रोजची सरासरी २३ अंश असेल तर दिवसाला अठरा जमा होतात आणि दाण्याला एकोणचाळीस दिवस मिळतात. तीच सरासरी २६ वर गेली तर दिवसाला एकवीस, आणि काम तेहेतीस-चौतीस दिवसांतच आटोपते. मधले पाच-सहा दिवस गेले. त्या दिवसांत ताटातून दाण्यात जे पिठूळ द्रव्य उतरायचे ते उतरत नाही. ऊन वाढले म्हणून दाणा भरण्याचा वेग थोडा वाढतो, पण गेलेले दिवस भरून काढण्याइतका नाही. शेतात सगळे हिरवेगार दिसते, ओंब्या मोजल्या तर भरपूर भरतात, आणि तराजूवर हजार दाणे ठेवले की खरे काय ते समजते. दाणा चिमलेला असतो.

पंजाबात गहू एकशे चाळीस-पन्नास दिवस रानात राहतो. आमच्याकडे शंभर-एकशे दहा. धारवाड समुद्रसपाटीपासून पावणेसातशे मीटरांवर असले तरी इथली थंडी ती किती! डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरते, फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारी चटके बसू लागतात. म्हणजे मुळातच तुटपुंजा हिवाळा, त्यातून एक अंश गेला तरी पंजाबच्या एक अंशापेक्षा आम्हाला जास्त जाणवतो. जगभरच्या गव्हाच्या वाढीच्या संगणकीय प्रारूपांचा एकत्र अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे तापमान एका अंशाने वाढले की जगाच्या गव्हाचे उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी घटते. मक्याची घट सात टक्क्यांच्या वर, भाताची तीनच्या आसपास, असे पुढच्या एका अभ्यासात आले. २०२२चा मार्च हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात उष्ण मार्च ठरला. उत्तरेतल्या गव्हाचा दाणा तेव्हा भरत होता, तो उन्हाने चिमला. त्या मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. आमच्याकडची कापणी बहुतेक आधीच उरकलेली होती, पण त्या वर्षी उत्तरेतल्या वाफ्यांत जे झाले ते आम्ही धारवाडला लहान प्रमाणात दर दोन-चार वर्षांनी पाहतच आलो आहोत.

मग लवकर पेरा, असे कुणीही म्हणेल. मीही सुरुवातीला शिवारफेरीत शेतकऱ्यांना हेच सांगायचे, कारण शिफारस तशीच होती. पण धारवाड जिल्ह्याचे रान पायाखाली घातल्याशिवाय लवकर पेरणी म्हणजे काय हे समजत नाही.

हा जिल्हा फार मोठा नाही, पण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना हवामान पार बदलते. कलघटगी आणि धारवाडची पश्चिम बाजू म्हणजे मलनाडाचा उंबरठा : भात, लाल-तांबूस माती, चांगला पाऊस. हुबळी ओलांडून नवलगुंद-अण्णिगेरीकडे गेले की येरी भूमी लागते, म्हणजे खोल काळे रान. झाड दिसायलाही मैलभर चालावे लागते आणि पाऊस पश्चिमेच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. जुन्या शिलालेखांतला बेळवल प्रांत तो हाच. इथले शेतकरी वर्षाचे दोन भाग करतात, मुंगारी आणि हिंगारी. मुंगारीच्या पावसावर मूग, हिंगारीच्या पावसावर जोंधळा, गहू, हरभरा, कुसुंबा. नक्षत्रांची नावे आमचीच : मृग, आर्द्रा, मघा, उत्तरा, हस्त, स्वाती. बेळगावकडच्या खानापूरला, माझ्या माहेरी, जी नावे ऐकत वाढले तीच नवलगुंदच्या कानडी शेतकऱ्याच्या तोंडी ऐकली की परक्या गावात पण बसायला जागा मिळाल्यासारखे वाटते.

हिंगारीचे सगळे गणित ओलीवर चालते. हे काळे रान मीटरभर खोल भिजले तर त्यात पिकाला घेता येईल असे दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी साठते. त्या साठ्यावर, वरून एकही सर न येता, जोंधळा पिकतो. पण भिजलेल्या काळ्या रानात पाय टाकता येत नाही, बैल जात नाहीत, ट्रॅक्टर तर रुतूनच बसतो. वर वाफसा यावा लागतो. वाफसा आला की पेरणीला मोजके दिवस मिळतात. तेवढ्यात उरकली नाही तर वरचा थर फाकतो, भेगा पडू लागतात आणि बी कोरड्यात पडते. म्हणून हिंगारीत पेरणीचा पंधरवडा हाच खरा हंगाम. जोंधळ्याला तो सप्टेंबरच्या मध्यानंतर, कोरडवाहू गव्हाला ऑक्टोबरच्या उत्तरार्धात.

गेल्या काही वर्षांत या पंधरवड्यालाच दोन्हीकडून कात्री लागली आहे. हवामान बदलाबद्दल मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. वर्षाच्या पावसाची बेरीज काढली तर सरासरीच्या आसपास येते आणि कागदावर वर्ष बरे दिसते. पण तोच पाऊस चार झडींत पडतो आणि दोन झडींच्या मध्ये महिना कोरडा जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात वाफसा येऊच नये असा पाऊस लागतो, तो उघडेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो, आणि तिकडून फेब्रुवारीचे ऊन लवकर येते. दोहोंच्या मधे गहू सापडतो. लवकर पेरायला रान देत नाही, उशिरा पेरायला ऊन देत नाही. कधी उलटे होते : रान लवकर रिकामे मिळते, पण ऑक्टोबरच इतका तापलेला असतो की गव्हाला फुटवेच येत नाहीत. एकेका काडीवर एकेक ओंबी, आणि निसवणी नको तितकी लवकर.

२०१९ आणि २०२३ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. २०१९च्या ऑगस्टात मलप्रभा फुगली, बेण्णीहळ्ळाचे पाणी नवलगुंदकडच्या रानांत पसरले. काढणीला आलेला मूग शेंगेतच उगवला. ऑक्टोबरात पुन्हा मोठा पाऊस झाला आणि हिंगारीची पेरणी लांबली. २०२३ला ऑगस्टच कोरडा गेला. देशाच्या पातळीवर १९०१नंतरचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. कर्नाटकातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ दुष्काळी जाहीर झाले. त्या वर्षी वाफसा चुकण्याचा प्रश्नच आला नाही, रान भिजलेच नव्हते. नवलगुंद तालुक्यातल्या एका प्रात्यक्षिकाच्या शेतावर तेव्हा एक म्हातारे यजमान भेटले. जोंधळ्याचे बी पोत्यात तसेच होते. ते कानडीत म्हणाले, "अक्का, पाऊस कमी पडला की आम्ही कमी खातो, ते आम्हाला जमते. पण कधी पडणार तेच कळेनासे झाले तर माणसाने बी कधी बाहेर काढायचे?" मी त्यांना हवामान विभागाच्या अंदाजाबद्दल, मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी-हवामान सल्ल्याबद्दल सांगितले. ते सगळे त्यांना माहीत होते. त्यांचा नातू रोज मोबाइलवर वाचून दाखवत होता. पाच दिवसांचा अंदाज चांगला येतो. पेरायचे की राखायचे हा निर्णय मात्र पाच महिन्यांचा असतो.

पश्चिमेकडची तऱ्हा वेगळी. खानापूर, कलघटगी, धारवाडजवळचे मुगद, या पट्ट्यात भाताची रोपे लावण्याआधीपासून चालत आलेली रीत आहे ती धूळवाफ पेरणीची. मे संपता संपता वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की कोरड्या-भुरभुरीत रानात कुरीने भात पेरायचा आणि मृगाची वाट पाहायची. मुगदला भात संशोधन केंद्र आहे ते या पेरणीच्या भातासाठीच मुख्यतः. या रिवाजात मोठा शहाणपणा आहे : पाऊस लागायच्या आत पीक उभे राहते, चिखलणीचा खर्च आणि पाणी वाचते. पण ती सगळी भिस्त वळीव आणि मृग यांच्या अंतरावर आहे. माहेरी माझे भाऊ शेती करतात. वळवाने बी उगवून वर येते आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे, अशी जूनची तऱ्हा त्यांनी अलीकडे परत परत भोगली आहे. दुबार पेरणी म्हणजे बियाणे दुप्पट, आणि घरचे राखलेले बी एकदाच पुरते. दुसऱ्यांदा पेरताना दुकानातून मिळेल ते वाण आणावे लागते. जुनी स्थानिक भाताची बियाणी कशी हरवली याची पुष्कळ कारणे लोक सांगतात, त्यात हे कारण कुणी धरत नाही. आणि इतके करून पीक आले तरी कापणीच्या वेळी निभावेल याचा भरवसा नाही. २०२१च्या नोव्हेंबरात कर्नाटकात अवकाळी पाऊस लागला तेव्हा कापून पसरलेला भात शिवारात भिजून कोंबारला. दिवाळीनंतरचा पाऊस आमच्या आजीच्या कहाण्यांतही होता, पण तो अपवाद म्हणून. अरबी समुद्र तापतो आहे, त्यावरची चक्रीवादळे वाढली आहेत असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे अभ्यास सांगतात. समुद्रावर काय चालले आहे याचा खानापूरच्या खळ्याशी इतका जवळचा संबंध असेल असे मला लहानपणी कुणी सांगितले असते तर पटले नसते.

जोंधळ्याबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवे, कारण त्याच्या नावाने हवामानाला जरा जास्तच दोष दिला जातो. रब्बी जोंधळ्याचे क्षेत्र इकडे आटत गेले हे खरे. पण त्यामागे हरभऱ्याचा भाव आहे, हरभरा यंत्राने काढता येतो हे आहे, जोंधळा उपटायला-खुडायला माणसे मिळत नाहीत हे आहे. खरिपात तर मक्याने जोंधळ्याची जागा भावाच्या आणि कोंबडीखाद्याच्या मागणीच्या जोरावर घेतली. हे सगळे हवामान बदलले नसते तरी झाले असते. खंत याची वाटते की उष्णता आणि कोरड सोसण्यात ज्या पिकाचा हात कुणी धरत नाही तेच आपण नेमके आता सोडतो आहोत. मका फुलोऱ्यात असताना आठवडाभर ताण बसला की तुरा आणि कणसाचे केस यांची वेळ चुकते, कणसात दाण्यांऐवजी पोकळ जागा दिसतात. पाणी साचले तर मुळे गुदमरतात. आणि त्यावर २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी आली. देशात ती पहिल्यांदा सापडली ती आमच्याच राज्यात, शिवमोग्ग्याकडे. उबदार हिवाळ्यात या किडीची पिढी लवकर पुरी होते. जी ऊब गव्हाचे दिवस तोडते तीच अळीला घाई करायला लावते.

जोंधळ्याचा स्वतःचा शत्रू खडखड्या. दाणा भरताना ओल संपली आणि जमीन तापली की एक बुरशी बुंध्यातून चढते, ताटाचा गाभा विस्कटून आत काळी भुकटी होते आणि वाऱ्याच्या झुळकीने रानचे रान आडवे होते. धारवाडला या रोगावर फार वर्षे काम चालले आहे. मालदांडीसारखा वाण, मोहोळला १९३०च्या दशकात निवडलेला, आजही भाकरीच्या चवीसाठी लोक सोडत नाहीत, पण खडखड्यापुढे त्याची पंचाईत होते. म्हणून पैदासकार अशी ताटे शोधतात ज्यांची पाने दाणा पिकेपर्यंत हिरवी राहतात. हिरवे पान म्हणजे दाण्याला शेवटपर्यंत पुरवठा आणि कडब्यालाही भाव. येळ्ळ अमावस्येला, म्हणजे आपली वेळा अमावस्या, शेतात चरग, म्हणजे नैवेद्याचे अन्न, शिंपडायला गेलेल्या बायका जोंधळ्याच्या पानांकडे बघून सांगतात की यंदा ताट शेवटपर्यंत टिकणार की नाही. आमच्या प्रपत्रात पानांच्या हिरवेपणाला एक ते पाच गुण देतात. त्यांचे आणि आमचे निरीक्षण एकाच गोष्टीचे असते.

काहीजण हवेतल्या कर्बवायूकडे आशेने बघतात. तो वाढला की गहू-भातासारख्या पिकांना वाढायला मदत होते हे शास्त्राला धरून आहे. जोंधळा-मक्याला त्याचा फायदा फारसा नाही, कारण त्यांची अन्न तयार करायची रीत निराळी. पण वाढलेल्या कर्बवायूत पिकलेल्या गव्हा-तांदळात प्रथिने, लोह आणि जस्त कमी भरते, असे २०१४पासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे. अंगणवाडीत जेवणाऱ्या पोरांचा विचार केला की मला हे नुकसान पोत्यांच्या घटीपेक्षा मोठे वाटते. पोते कमी भरले तर दिसते तरी.

मग करायचे काय? नवा वाण हे अर्धे उत्तर आहे, आणि वाणांच्या कामात आयुष्य घालवूनही मी अर्धेच म्हणते. आमच्याकडे खपली आहे, इथले लोक तिला सदक किंवा जवे गोधी म्हणतात. सांगली-बेळगावच्या पट्ट्यात तिच्यावाचून सणाची खीर होत नाही. ती उष्णता आणि तांबेरा बऱ्यापैकी सोसते, आणि धारवाडने डीडीके १०२५, डीडीके १०२९ यांसारखे बुटके, न लोळणारे खपलीचे वाण दिले आहेत. कमी पाण्यासाठी यूएएस ४४६ हा बन्सी गहू आहे. पण उशिरा पेरायची वेळ आल्यावर त्या आठवड्यात त्या गावात कमी दिवसांचे बी पोचले तरच या सगळ्याचा उपयोग. मी पाहिले आहे ते असे : पाऊस उघडतो, वाफसा येतो, आणि कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात जे बी असते ते सप्टेंबरात ठरलेल्या योजनेप्रमाणे आलेले असते. हंगाम तीन आठवडे सरकलेला आणि बी जुन्या वेळापत्रकाचे. शेतकरी मग जे हाती लागेल ते पेरतो. त्यात त्याची चूक नसते.

कुंदगोळ तालुक्यातल्या तीर्थ गावात बीबी फातिमा महिला गटाने राळा, सावा यांसारख्या भरडधान्यांची बीजपेढी आणि प्रक्रिया उभी केली आणि २०२५ साली त्यांना संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामात मला पुरस्काराहून महत्त्वाचे वाटते ते हे की बी गावातच, बायकांच्या ताब्यात आहे. राळा तीन महिन्यांच्या आत निघतो. मृग चुकला, आर्द्रा चुकली, तरी जुलैत पेरता येतो. एक पीक गेले की दुसरे लगेच टाकता यावे यासाठी बी हाताशी असावे लागते आणि ते ठरवणारी माणसेही गावात असावी लागतात. शेततळ्यांनीही पूर्वेकडे असाच आधार दिला आहे : दाणा भरताना एक पाणी मिळाले तरी गव्हाच्या वजनात जो फरक पडतो तो मी तराजूवर पाहिला आहे. विजापूर आणि सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू संशोधन सुरू झाले, आणि रानात आडवे-उभे बांध घालून चौकोनी वाफ्यांत पाऊस मुरवायची पद्धत फार वर्षांपासून शिफारशीत आहे. ती आजही तितकीच खरी आहे, किंबहुना झडीच्या पावसात जास्तच. पण मुगानंतर ती करायला पुन्हा तोच वाफसा लागतो, तेच मोजके दिवस, आणि गावात ट्रॅक्टर एक आणि रांगेत शेते तीस.

म्हणून अलीकडे शिवारफेरीत मी वाणाचे नाव सांगायच्या आधी पेरणीच्या तारखा विचारते. ऑक्टोबरात रान दिले तर काय पेराल, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिले तर काय, त्यानंतर दिले तर गहू सोडून हरभरा करणार का, आणि त्या प्रत्येकाचे बी आता कुणाच्या घरी आहे. बायका ही उत्तरे पटापट देतात, कारण कणगीत काय उरले आहे ते त्यांना माहीत असते. आमच्या चाचण्यांतही एकाच वाणाची वेळेवरची आणि उशिराची अशी वेगवेगळी पेरणी होते. पूर्वी उशिराच्या वाफ्यांकडे मी दुय्यम म्हणून पाहायचे, आता सकाळी पहिल्यांदा तिकडेच जाते. गेल्या हंगामात उशिराच्या पेऱ्यातले बहुतेक वाफे फेब्रुवारीच्या उन्हात घाईने पिवळे पडत होते, तेव्हा काही मोजक्या क्रमांकांची ध्वजपाने, म्हणजे ओंबीखालची शेवटची पाने, हिरवी होती. त्यांचे हजार दाण्यांचे वजन इतरांपेक्षा बरे भरले. ते बी यंदा वाढवायला घेतले आहे. दोन-तीन हंगाम वेगवेगळ्या गावांच्या रानांत ते तसेच उतरले तर पुढे जाईल, नाहीतर गळेल. त्यातले काही वाफे यंदा नवलगुंदला टाकायचे ठरले आहे, रान कधी देते त्यावर तारीख.